घर कोणाच्या सोयीचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला दिलेला विषय ‘वास्तुकला आणि समाजजीवन’ असा आहे. शब्द मोठा भारदस्त आहे. वास्तुकला म्हटले की वेरूळचे कैलास लेणे, आग्र्याचा ताजमहाल अशी चित्रे डोळ्यांपुढे येतात. पण आपण काही तेथे राहत नाही. आपण राहतो ती एकोडीतील कवेलूंची आणि आता सिमेंटची घरे. मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे. घर बांधताना कोणी कोठे बसावे, कोणी कोणाच्या नजरेआड राहावे, हेही भिंतींबरोबरच ठरून जाते. आणि भिंत एकदा उभी राहिली की ते बदलणे फार कठीण होऊन बसते.

आपले जुने घर पाहा. दीड-दोन फूट जाडीची मातीची भिंत, वर बांबू-फाट्यांवर नळीची कवेलू, पुढे सपरी, त्यापुढे अंगण, मागे सांदवाडी. हे घर कोणा इंजिनिअराने आखले नव्हते. येथला उन्हाळा आणि येथला पाऊस यांनीच ते आखले. वैशाखात ऊन पंचेचाळीस अंशांपर्यंत चढते, तेव्हा जाड मातीची भिंत उशिरा तापते आणि कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. पावसाळ्यात बारा-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून छपराच्या वळचणी खाली झुकलेल्या. नाही तर मातीची भिंत एका पावसाळ्यात वाहून जावी. धान चुरून घरी आले की कणग्यांना जागा हवी, सुपाने पाखडायला उजेड व वारा हवा, म्हणून सपरी आणि अंगण. रोवणीहून परतलेली बाई चिखलाच्या पायांनी आधी सपरीतच टेकते. शेतीची पद्धत आणि घराची पद्धत अशी एकमेकींत गुंतलेली आहे.

समाजाची पद्धतही तशीच गुंतलेली आहे, आणि ती तितकी गोड नाही. मालगुजारीच्या काळात गावात मालगुजाराचा वाडा उंच जोत्यावर असे, बाकीची घरे खाली. दारात उभे राहिले की आपली पायरी कोणती ते कोणी सांगावे लागत नसे. मालगुजारी 1951 साली गेली. कोहळी लोकांनी बांधलेले आपल्या भागातले तलाव आजही ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणूनच ओळखले जातात. कायदा एका दिवसात बदलतो. बांधकाम मागे उरते आणि आपले जुने नाव सांगत राहते.

घराच्या आतही पायऱ्या होत्याच. पुढची बैठक पुरुषांची. मधले घर देवाचे आणि धान्याचे. सगळ्यात मागे, सगळ्यात अंधारात, चूल. तिला खिडकी क्वचितच. ज्या जागेत घरातील बाईचा निम्मा दिवस जातो, तीच जागा सर्वांत धुराची असावी, हा काही मातीचा दोष नव्हे. खिडकी मातीच्या भिंतीतही ठेवता येते. वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापूकुटी आहे. गांधीजी 1936 साली त्या गावी, तेव्हाच्या शेगावी, राहायला आले. भिंती मातीच्या, छप्पर कवेलूंचे, पण उजेड भरपूर. मीराबेनच्या हातची झाडे आणि चरखा तेथल्या भिंतीवर मातीतच उठवलेली आहेत. आपल्यापैकी ज्या गेल्या नसतील त्यांनी एकदा जाऊन यावे. माती म्हणजे मागासपणा असे जे आपल्याला वाटू लागले आहे, ते तेथे जरा सैल होते.

रूढी घर कसे बांधायला लावते, याचे आणखी जवळचे उदाहरण गडचिरोलीचे. तेथील काही माडिया-गोंड गावांत कुर्माघर असते. विटाळशी बाईने ते चार-पाच दिवस गावाच्या कडेच्या त्या झोपडीत काढायचे. आपण नाके मुरडण्याचे कारण नाही. आपल्याकडेही ‘बाहेर बसण्याचा’ कोपरा होताच, फक्त तो वेगळ्या छपराखाली नव्हता. मला एवढेच दाखवायचे आहे की आधी रूढीने झोपडी बांधली, आणि मग झोपडी आहे म्हणून रूढी टिकली.

याच्या उलटही घडते. महात्मा फुल्यांनी 1868 साली पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. एक वीटही हलवली नाही. हौद तोच, अंगण तेच. त्याच्याकडे येणारी वाट मोकळी झाली आणि त्या घराचा अर्थ बदलला. त्याच पुण्यात, त्याच्या वीस वर्षे आधी, 1848 साली भिडे वाड्यात मुलींची शाळा भरली. बायकांना आत ठेवण्यासाठी आखलेल्या वाड्यांच्या शहरात एका वाड्यातून मुली पाटी घेऊन बाहेर पडू लागल्या. शेण-चिखल अंगावर घेऊन सावित्रीबाई तेथे जात, हे आपण सर्व जाणतो.

आता आजच्या गोष्टीकडे येते, कारण खरे बोलायचे आहे ते हेच. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात 2016 साली सुरू झाली. त्याआधी, 1985 पासून, इंदिरा आवास होती. नव्या योजनेत सपाटीच्या भागासाठी आरंभी 1 लाख 20 हजार रुपये ठरले आणि घर कमीत कमी 25 चौरस मीटरचे, स्वयंपाकाच्या जागेसह, असावे असे ठरले. म्हणजे सुमारे 270 चौरस फूट. दोन गोष्टी त्यात आपल्या कामाच्या आहेत. पहिली, घर बाईच्या नावे किंवा नवराबायकोच्या दोघांच्या नावे मंजूर करण्यावर भर आहे. दुसरी, ठेकेदार नेमायचा नाही, घर लाभार्थ्यानेच आपल्या देखरेखीत बांधायचे आहे. कागदावर आपण मालकीण. आणि आराखडा कोण ठरवतो? गवंडी! गवंड्याला एकच नकाशा पाठ असतो: पुढे एक खोली, मागे एक खोली, वर स्लॅब. सपरी नाही, वळचण नाही.

अशा घरांतून मी पुष्कळदा बसले आहे. पावसाळ्यात कोरडे, साप-विंचवाची भीती नाही, दर वर्षी मृगापूर्वी कवेलू फेरायची कटकट नाही, वानरांचा उपद्रव नाही. हे सुख लहान नाही आणि जुन्या घराचे पोवाडे गाऊन ते नाकारणे हा निव्वळ ढोंगीपणा होईल. शेणामातीने घर सारवून ज्यांचे गुडघे गेले त्यांना विचारा. परंतु दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खाली ऊन सोडीत बसतो. धानाची पोती झोपायच्या खोलीत. आणि स्वयंपाकाचा ओटा भिंतीकडे तोंड करून! जुन्या चुलीपाशी बसलेल्या बाईला दारातून कोण आले ते दिसत असे, लेकरू कोठे गेले ते दिसत असे. नव्या ओट्यापाशी ती सर्वांकडे पाठ करून उभी. दुपारी शेजारीण आली तर बसवायची कोठे? सपरी गेली म्हणजे नुसती जागा गेली असे नाही. घरात न शिरता, कोणाची परवानगी न मागता दोन बायकांनी बोलत बसण्याची सोय गेली. आपले हे मंडळ सुरुवातीला भरले ते सपरीतच, हे जुन्या सभासदांना आठवत असेल.

शौचालयाचेही तसेच. 2014 पासून त्यासाठी 12 हजार रुपये मिळू लागले आणि घरोघरी ते झाले, ही मोठीच गोष्ट आहे. पण काही ठिकाणी दार थेट रस्त्याकडे. नवी सून त्या दारातून भरदिवसा कशी जाणार? मग तेथे काड्या-गोवऱ्या साठतात, आणि लोक म्हणतात, बायकांना सवय नाही.

सरकारनेही या योजनेसाठी देशाच्या निरनिराळ्या भागांना शोभतील असे शंभराहून अधिक घरांचे नमुने तयार करवले आहेत. त्यांत स्थानिक माती, बांबू, कवेलू यांचाही विचार आहे. म्हणजे एकच ठराविक डबा बांधला पाहिजे अशी सक्ती नाही. ओटा दाराकडे तोंड करून घ्यायला एक पैसाही जास्त लागत नाही. शौचालयाचे दार सांदवाडीकडे फिरवायलाही लागत नाही. सपरीला मात्र थोडा खर्च येईल. तेथे जुनी कवेलू आणि बांबू कामी आणावेत. जुने घर पाडताना ती फेकून देऊ नयेत.

तेव्हा कार्यकारिणीने असे ठरवले आहे. उद्या दुपारी मंडळाच्या अंगणात पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद असा चौकोन चुन्याने आखून ठेवू. ज्यांची घरकुले मंजूर झाली आहेत त्यांनी येताना एक खाट, एक सूप, धानाचे एक रिकामे पोते आणि सासूबाईंना घेऊन यावे. चौकोनात सगळे मांडून पाहू. गवंडीदादांनाही तीन वाजता बोलावले आहे. चहा मंडळाकडून.