चढाई तीस सेकंदांची, संसार तीस वर्षांचा



आज बोलायचे आहे बचतीविषयी, पण सुरुवात कबड्डीपासून करू. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली. पहिल्या लिलावातली सर्वांत मोठी बोली होती १२ लाख ८० हजारांची, राकेश कुमारवर. मग आकडे वाढत गेले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये ३६ लाख ४० हजारांना यू मुंबाकडे आला. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. असा आकडा वाचला की आपण म्हणतो, "याचे तर जन्माचे भागले!"

खरेच भागते का? कागद-पेन्सिल घ्या. ही रक्कम एका हंगामाची असते. या खेळात शरीर फार तर पस्तिशीपर्यंत साथ देते. त्यानंतर संसाराची ३० वर्षे धरा, म्हणजे ३६० महिने. १ कोटी ४५ लाखांना ३६० ने भागले तर महिन्याला येतात सुमारे ४० हजार, तेही कर वजा होण्याआधी. ३६ लाख ४० हजारांचे होतात जेमतेम १० हजार. व्याज धरले तर आकडा वाढेल, महागाई धरली तर घटेल.

आणि पुढचा हंगाम मिळेलच याची हमी नाही. २०२२ साली पवन सेहरावतला तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो हंगामभर बाहेर राहिला. पुढच्या वर्षी तो परतला. प्रत्येकाला ते जमत नाही.

ऑस्ट्रेलियात त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचे खेळाडू अठराव्या वर्षापासून मोठ्या संघांत निवडले जातात आणि तरुणपणीच निवृत्त होतात. पण त्या देशात नोकरदाराच्या निवृत्ती निधीत पैसे भरणे मालकावर बंधनकारक आहे. जुलै २०२५ पासून पगाराच्या १२ टक्के. आपल्यापैकी अनेकांसाठी असे भरणारे कोणी नाही. ते आपणच भरायचे.

तुम्ही म्हणाल, आमचा लिलावाशी काय संबंध? जबलपुरात बघा. शहापुरा-पाटणकडच्या शेतकऱ्याला मटारचे पैसे हिवाळ्यात एकदाच मिळतात. सलवार-सूट शिवणाऱ्यांची कमाई लग्नसराईत. खमरियाच्या कारखान्यातून निवृत्त होणाऱ्याच्या हाती ग्रॅच्युइटी एकाच दिवशी पडते. या सगळ्यांची गोष्ट खेळाडूसारखीच: पैसा एकदम येतो, खर्च मात्र रोजचा.

म्हणून चार कामे करा.

पहिले, रकमेला महिन्यांनी भागा. समजा, मटारचे १ लाख ८४ हजार आले. पुढच्या बियाणे-खताचे ४० हजार आधी बाजूला काढा. उरलेल्या १ लाख ४४ हजारांना १२ ने भागा. महिन्याला १२ हजार, हा तुमचा पगार.

दुसरे, तो पगार खरोखर घ्या. मोठी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि दर १ तारखेला ठरलेले पैसे घरखर्चाच्या खात्यात जातील अशी सूचना बँकेला लिहून द्या. निवृत्तांसाठी टपाल खात्याची मासिक उत्पन्न योजनाही आहे. त्यात एकट्याच्या नावे ९ लाखांपर्यंत, संयुक्त खात्यात १५ लाखांपर्यंत ठेवता येतात.

तिसरे, सगळे एकाच बँकेत ठेवू नका. एका बँकेत एका ठेवीदाराच्या व्याजासह ५ लाखांपर्यंतच्या रकमेलाच विम्याचे संरक्षण आहे.

चौथे, विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचे संरक्षण मिळते. वय १८ ते ७० हवे. मात्र साध्या दुखापतीला यात भरपाई नाही. त्यासाठी सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असलेलाच बरा.

पैसा आला की पाहुणे येतात, दुकानदार उधारी वाढवतो, घरात नवी गाडी मागितली जाते. तेव्हा रागावू नका, भागाकार दाखवा. "आले किती?" हे सगळेच विचारतात. "पुरेल किती महिने?" हे तुम्ही विचारा.