हाडांचा ठिसूळपणा आणि आपली घरे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात कुडवा येथे केलेले भाषण)



आम्ही विद्यार्थ्यांच्या शिस्तीवर बोलावे, असा कार्यकारिणीचा मानस होता. तो विषय आम्ही विनंती करून बदलून घेतला. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर मुलांस अंकगणित शिकविलेले निवृत्त शिक्षक आहोत. परंतु दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी जे घडले, ते आपल्यापुढे न मांडणे आम्हांस योग्य वाटत नाही. मागल्या भगिनींनी थोडे पुढे सरकावे. हे बोलणे मुख्यतः त्यांच्याकरिताच आहे.

श्रावणातील एका सकाळी आमच्या सौभाग्यवती मागील अंगणात नहाणीपाशी घसरल्या. उंचावरून पडल्या नव्हत्या, उभ्या होत्या त्या बसल्या, एवढेच. तेवढ्याने खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयातील तरुण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “यापूर्वी कधी हाड मोडले होते काय?” मोडले होते. सहा वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरून पाय घसरून मनगट मोडले होते. प्लास्टर घातले, ते सुटले, आणि हाड छान जुळले म्हणून आम्ही सर्वांनी समाधान मानले. डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, निरोगी हाड एवढ्याशा पडण्याने मोडत नाही. त्याच वेळी तपासणी करावयास हवी होती.”

आम्हांस उत्तर सुचले नाही. मग एकेक गोष्ट आठवू लागली. स्वयंपाकघरातील वरच्या फळीवरचा डबा त्यांच्या हाती लागेनासा झाला, तेव्हा आम्ही सुतार बोलावून फळी खाली घेतली होती. फळीची उंची आम्ही मोजली. पत्नीची उंची मोजावी, हे जन्मभर मोजमापे शिकविणाऱ्या आमच्या मनात आले नाही. तारुण्यातील उंचीपेक्षा दीड इंचाहून अधिक उंची कमी झाली, तर पाठीच्या मणक्यांची हाडे आतल्या आत दबली असण्याचा संभव असतो. असे मणके पुष्कळदा विशेष वेदना न होता दबतात. आपण त्यास वयोमानाने आलेला पोक म्हणतो आणि पुढे चालू लागतो.

या विकारास ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाड दगडासारखे निर्जीव नसते. त्यातील जुना भाग झिजवून काढला जातो व त्या जागी नवा भरला जातो. आपल्याकडील मामा तलावांचीच उपमा घ्या. तलाव पावसाळ्यात जेवढा भरेल, तेवढ्यावर पुढचा हंगाम काढावयाचा. हाडांचा भरणा सुमारे तिसाव्या वर्षापर्यंत होतो. स्त्रियांची पाळी बंद झाली की हाडांचे रक्षण करणारे इस्ट्रोजेन हे द्रव्य कमी होते आणि पाणी झपाट्याने उतरू लागते. पुरुषांचा तलावही उतरतो, पण सावकाश; म्हणून बंधूंनी निश्चिंत राहू नये.

हा श्रीमंत देशांचा रोग आहे, असे कोणी समजू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. वीणा शत्रुघ्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्प उत्पन्नाच्या घरांतील, ३० ते ६० वर्षे वयाच्या २८९ स्त्रियांची हाडे तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खुब्यापाशी सुमारे २९ टक्के स्त्रियांस हा विकार आढळला. या साऱ्या कष्टकरी वर्गातील स्त्रिया. कष्टाने हाड बळकट होते हे खरे, पण पोटात काही गेले तर.

आता थोडे अंकगणित. प्रौढ माणसास दररोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, पाळी गेलेल्या स्त्रीस १२००, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली सांगितले आहे. आपला प्रदेश धानाचा. शंभर ग्रॅम तांदळात ते सुमारे १० मिलिग्रॅमच असते. म्हणजे दिवसाला अर्धा किलो तांदूळ खाल्ला तरी ५० च्या पुढे जात नाही. उलट शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, आणि पेलाभर दुधात सव्वादोनशेच्या वर. शेवग्याचा पाला, तीळ, बोडीतील काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी, हे सर्व आपल्या दाराशी आहे. पण दूध मुलांस व पुरुषांस, आणि शेवटी बसणारीस उरलेला भात व वरणाचे पाणी, हा आपल्या घरांचा रिवाज आहे. आमच्या घरीही होता. चाळीस वर्षे आम्ही पहिल्या पंगतीस जेवलो. मागून ताटात काय उरते, हे पाहिले नाही.

खर्ऱ्यातील चुन्याने हाडास कॅल्शियम मिळते, असे एका गृहस्थांनी आम्हांस गंभीरपणे सांगितले. तंबाखू हाडांस घातक आहे. मग ती खर्ऱ्यातून जावो की गुडाखूतून. आणखी एक सावधगिरी. आमच्या सौभाग्यवती गुडघेदुखीकरिता एका ठिकाणाहून बिननावाच्या पुड्या आणून वर्ष-दीड वर्ष घेत होत्या. आरामही पडे. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते आणि ते दीर्घकाळ घेतल्यास हाड पोखरते, हे आम्हांस मागाहून कळले. त्या पुड्यांत काय होते, हे विचारण्याचे आमच्याकडून राहूनच गेले.

हाडांची घनता डेक्सा नावाच्या क्ष-किरण तपासणीने कळते. आकडा उणे अडीच किंवा त्याखाली आला, तर विकार ठरतो. त्यावर औषधे आहेत. आमच्या घरी आठवड्यातून एकदा घ्यावयाची गोळी चालू आहे. ती उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यावयाची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हावयाचे नाही. औषध कोणते व किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवावे. सकाळचे ऊन अंगावर घ्यावे, रोज चालावे. नहाणीतील शेवाळ घासून काढावे आणि तेथे भिंतीस धरावयास लोखंडी दांडी बसवावी. आमची दांडी खुबा मोडल्यानंतर बसली.

शस्त्रक्रियेनंतर पाच महिने त्यांचे चालणे चौपायी आधारावर होते. आज त्या काठी घेऊन येथे आल्या आहेत आणि हे सर्व सांगण्यास त्यांची संमती आहे.

मंडपाच्या दाराशी आम्ही शाळेत असते तशी उंचीची पट्टी लावली आहे. जाताना प्रत्येक भगिनीने पादत्राणे काढून तेथे उभे राहावे आणि आपली उंची या स्मरणिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून न्यावी. चाळिशीनंतर ज्यांचे मनगट, खुबा किंवा मणका मोडला असेल, त्यांनी ते सालही खाली लिहावे. पुढल्या वर्षी पट्टी तेथेच लावू. स्मरणिका सोबत आणावी.