आधी टेप, मग मशीन

आपल्यातले कोणी वागळे इस्टेटला गाड्या पॉलिश करतात, कोणी कल्याण-शीळ रस्त्यावर. आज एकच गोष्ट सांगतो.

दाराची, बॉनेटची कड बोटाने चाचपून पाहा. ओला रंग कडेवरून मागे सरतो. म्हणून तिथे थर पातळ बसतो. मशीनचा दाब मात्र नेमका तिथेच पडतो, कड तापते.

मी नवा होतो तेव्हा बॉनेटच्या कडेवर मशीन दाबून धरले. क्षणात खालचा प्रायमर दिसला! अख्खे बॉनेट पुन्हा रंगवावे लागले. पैसे माझ्या पगारातून कापले. घरी सांगायची लाज वाटली.

तेव्हा आधी गाडी धुवा, कोरडी करा. ओल्यावर टेप धरत नाही. पावसाळ्यात हे फार नडते. कडांवर, काचेच्या रबरावर, काळ्या प्लास्टिकवर कागदी टेप लावा. खडबडीत प्लास्टिकमध्ये पॉलिश शिरले की पांढरे डाग पडतात. ते लवकर निघत नाहीत, बरं का.

ही टेप १९२५ साली अमेरिकेत रिचर्ड ड्रू यांनी काढली, तीही गाड्या रंगवणाऱ्यांची अडचण पाहूनच.

काम संपताच टेप हळू सोला. उन्हात राहिली तर तिचा डिंक गाडीलाच चिकटतो. टेपखालची बारीक पट्टी बिनपॉलिशची राहते. तिथे मऊ फडक्याने, हातानेच पॉलिश करायचे.