केरीसाहेबांची तसबीर

धर्मोपदेशकांच्या छापील तसबिरी संग्रही ठेवण्याची जी हौस एकोणिसाव्या शतकात विलायतेतील भाविक मंडळींत होती, तिच्या कृपेने श्रीरामपूरचे मिशनरी डॉक्टर विल्यम केरी यांची मुद्रा आज आपल्यास पाहावयास मिळते. कलकत्त्यास राहून वेल्स्लीसारख्या लाटसाहेबांची चित्रे रंगविणाऱ्या रॉबर्ट होम यांनी मूळ तैलचित्र काढले, आणि मग त्यावरून धातूचा पत्रा कोरून नकला निघाल्या. कोरणाऱ्याजवळ रंग नाहीत. काळी शाई आणि कोरा कागद एवढ्याच भांडवलावर, कोठे रेघा दाट तर कोठे विरळ घालीत, त्याला साहेबांचा अंगरखा निराळा आणि पंडिताच्या अंगावरचे वस्त्र निराळे दाखवावयाचे असते.

होय, पंडिताचे! कारण चित्रात साहेब एकटे नाहीत. ते हाती लेखणी घेऊन मेजाशी बसले आहेत, आणि त्यांच्या शेजारी फोर्ट विल्यम कॉलेजातील एक पंडित आहेत. ते मृत्युंजय विद्यालंकार असावेत असा समज आहे.

नॉर्दम्प्टनशायरात जोडे शिवणारे केरी 1793 साली बंगाल्यात उतरले, आणि मिशनऱ्यांस कंपनी सरकारच्या मुलखात थारा मिळणे कठीण म्हणून 1800 साली डेन लोकांच्या अमलाखालील श्रीरामपुरास येऊन राहिले. पुढे कॉलेजात बंगाली व संस्कृत यांच्या जोडीला मराठी शिकविण्याचे कामही त्यांच्याकडे आले. 1805 साली त्यांचे मराठी व्याकरण आणि 1810 साली मोडी टायपात छापलेला कोश बाहेर पडला. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, हुगळीच्या काठी बसून एका परदेशस्थाने हे केले, ते वैजनाथ पंडितांसारखा जाणता मनुष्य जवळ होता म्हणूनच. साहेबांच्या उद्योगाविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु ज्याच्या जिभेवर मराठी खेळत होती, त्याच्यावाचून तो उद्योग तडीस गेला नसता, हेही मी तितक्याच आग्रहाने सांगेन.

म्हणूनच पुस्तकांतून ही तसबीर छापताना पंडितांस कातरून केवळ साहेबांचा मुखवटा ठेवण्याची जी वहिवाट पडली आहे, ती मला अन्यायाची वाटते. वैजनाथांची तसबीर माझ्या पाहण्यात नाही. निदान मृत्युंजयांची म्हणून जी समजली जाते, ती तरी आमच्या मुद्रकांनी चौकटीबाहेर टाकू नये, आणि चित्राखालील मजकुरात दोघांचीही नावे द्यावीत, अशी माझी त्यांस विनंती आहे.