लायसन्सचे नूतनीकरण : मुलाने केले तर चालेल का?

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक गटाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत पस्तीस वर्षे काढली. दर नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले यायचे, आणि एखादा मुलगा हटकून विचारायचा, "वडिलांच्या वतीने मी सही केली तर चालेल का?" मी म्हणायचो, "अहो, ते हयात आहेत हे त्यांनीच दाखवायचं ना!" सगळे हसायचे. गेल्या वर्षी तोच प्रश्न मी स्वतः विचारला.

माझ्या मोटारसायकलच्या लायसन्सची मुदत संपत आली होती. वयाच्या पंचावन्ननंतर ते पाच-पाच वर्षांसाठीच मिळते. मुदतीआधी एक वर्षापासून अर्ज करता येतो. मुदत संपल्यावर एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर पुन्हा गाडी चालवून परीक्षा द्यावी लागते. मुलाला म्हटलं, "तूच करून टाक रे माझं." तो म्हणाला, "बाबा, फॉर्म भरतो, फी भरतो, पण ओटीपी तुमच्या फोनवर येणार आणि डॉक्टरांकडे तुम्हालाच जावं लागणार."

चाळिशीनंतर फॉर्म 1-ए, म्हणजे डॉक्टरांचे प्रमाणपत्र, जोडावे लागते. मला कंटाळा आला. ओळखीतून एक एजंट गाठला. तो म्हणाला, "काका, तुम्ही यायची गरजच नाही. सर्टिफिकेटचं मी बघतो." खरं सांगतो, मी पैसे काढून ठेवले होते. सौ. म्हणाली, "अहो, न बघता सही केलेला चेक तुम्ही कधी पास केला होता का?" पैसे परत कपाटात गेले.

मग आपल्याच बी विंगमधल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्तदाब पाहिला, ऐकू येते का ते पाहिले, लाल-हिरवा रंग ओळखायला लावला. मग गॅलरीत नेऊन म्हणाले, "काका, गेटजवळच्या त्या गाडीचा नंबर वाचा." दिवसाउजेडी पंचवीस मीटरवरून, चष्मा लावून का होईना, नंबरप्लेट वाचता आली पाहिजे असे त्या फॉर्ममध्येच आहे. मी ऐटीत वाचला. डॉक्टर म्हणाले, "शेवटचा आकडा 3 नाही, 8 आहे." एक-एक डोळा झाकून पाहिले, तर डाव्या डोळ्याने नुसते धुके. मोतीबिंदू! जन्मभर चेकवरचे आकडे तपासले, आणि त्याच डोळ्यांनी सौ.ला मागे बसवून रोज मंडईत जात होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

डॉक्टरांनी सही केली नाही. राग आला, पण गाडी कव्हर घालून ठेवली. ऑपरेशन झाले, नवा चष्मा आला. तोवर लायसन्सची मुदत संपली, म्हणून तेवढे दिवस रिक्षाने फिरलो. विनालायसन्स सापडलो असतो तर पाच हजार दंड. अपघात झाला असता तर विमा कंपनीने हात वर केले असते ते वेगळेच. मग पुन्हा त्याच गॅलरीत उभा राहिलो, नंबर बरोबर वाचला, सही मिळाली. मुलाने 'सारथी' पोर्टलवर अर्ज भरला, ओटीपी मी सांगितला. आधारची पडताळणी झाल्यामुळे कचेरीत जावे लागले नाही. कार्ड पोस्टाने घरी आले.

तर माझ्या प्रश्नाचे उत्तर असे. फॉर्म भरणे, कागद स्कॅन करणे, फी भरणे हे मुलगा, सून, नातू कोणीही करू दे. पण तब्येतीविषयीची माहिती आपण स्वतः खरी द्यायची, त्याखालची सही आपली, आणि तपासणीला आपणच जायचे. ओटीपी घरच्या माणसाला शेजारी बसवून द्यावा, परक्याला फोनवर सांगू नये. हे बँकेतला माणूस म्हणून सांगतो.

आज घरी गेल्यावर पाकिटातून लायसन्स काढा आणि तारीख बघा. दर रविवारी सकाळी दहा ते अकरा मी सोसायटीच्या ऑफिसात बसतो. फॉर्म भरायला मदत करीन, चहाही पाजीन. मात्र मुलाला पाठवू नका, स्वतः या. गेटवरच्या गाडीचा नंबर मी आधी वाचायला लावणार आहे.