बारा ब्रीथ : चहात भिजलेल्या मनुकांचा पाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी शिरूर येथे केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत 'बारा ब्रीथ' हे नाव वाचून दोघीतिघींनी मला विचारले, "बारा प्रकार दाखवणार की काय?" तेव्हा आधीच सांगते, हा आकड्यातला बारा नव्हे. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स नावाचा लहानसा देश आहे. तेथल्या भाषेत 'बारा' म्हणजे पाव आणि 'ब्रीथ' म्हणजे ठिपक्यांचा, कबरा. पूर्वी तो यीस्ट घालून करीत. चहात मनुका भिजवून करण्याची सोपी रीत मागाहून आली. पुण्याहून येताना आपण कयानी बेकरीची श्रूसबेरी बिस्किटे आणतो ना? ती बेकरी १९५५ सालची. बिस्किटांच्या नावाचे ते गाव इंग्लंडात, पण वेल्सच्या सीमेजवळच आहे. म्हणजे त्या मुलखाचे नाव आपल्या फडताळात आधीच येऊन बसले आहे!

हा पाव मला कसा भेटला ते सांगते. मुलीच्या बाळंतपणासाठी मी कार्डिफला गेले होते. शेजारच्या म्हाताऱ्या बाई बाळाला पाहायला आल्या, त्या फडक्यात गुंडाळलेला हा पाव घेऊन. मी मुलीला विचारले, "अंडे आहे का ग यात?" ती "हो" म्हणताच मी बशी पुढे सरकवली. भाषा कळली नाही तरी बशी सरकवणे कोणालाही कळते. बाई हसल्या, पण चहा अर्धा टाकून उठल्या. त्या रात्री मुलगी माझ्याशी बोलली नाही. मला तीन महिन्यांनी परतायचे होते. तिला त्याच शेजारात राहायचे होते. हे मला बशी सरकवताना सुचले नव्हते.

आठ दिवसांनी बाई पुन्हा आल्या. या खेपेस पाव बिनअंड्याचा! मला अगदी मेल्याहून मेल्यासारखे झाले. शेजारणीचे भांडे आपण रिकामे परत करीत नाही. माझे माहेर रत्नागिरीकडचे. तेथे काकडीचे धोंडस खाली-वर निखारे ठेवून भाजत. तेच मी मुलीच्या ओव्हनमध्ये करून त्यांच्या बशीतून पाठवले. मग त्यांनीच मला घरी बोलावले आणि त्यांच्या ओट्याशी उभी राहून मी ही कृती शिकले.

कडक कोरा चहा ३०० मिलिलिटर करून गाळावा. दूध अगदी नको. गरम आहे तोच त्यात १७५ ग्रॅम चिरलेला गूळ विरघळवावा. तिकडे तपकिरी साखर घालतात. पण दौंड तालुक्यात गुऱ्हाळे असताना आपण ती कशाला शोधावी? गुळात कचरा असतो, म्हणून पुन्हा गाळावे. त्यात ३०० ग्रॅम धुतलेले बेदाणे आणि काळ्या मनुका रात्रभर झाकून ठेवाव्या. सकाळी त्या टपोऱ्या फुगतात. उरलेला चहा ओतून देऊ नये, पीठ त्यातच भिजवायचे. २५० ग्रॅम मैदा, अडीच चहाचे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि चमचाभर दालचिनी-जायफळ-लवंगेची पूड एकत्र चाळून मिसळावी. एक अंडे फेटून घालावे. ज्यांना चालत नाही त्यांनी चार मोठे चमचे दही आणि पाव चमचा खायचा सोडा घालावा. पिठात तूप-लोणी मुळीच पडत नाही. फार घोटू मात्र नये, पाव चिवट होतो.

ओव्हनवाचून कोणी अडून बसू नये. माझ्या ओळखीच्या एकीने हप्त्याने ओव्हन घेतला. सध्या त्यात तिच्या कढया राहतात. जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात बोटभर वाळू पसरावी (आपल्या घोडनदीची असली तरी चार पाण्यांनी धुऊन वाळवावी), वर तिवई ठेवावी आणि घट्ट झाकून दहा-पंधरा मिनिटे तापू द्यावे. डब्याला तूप लावून, तळाशी कागद घालून, तो पाऊणच भरावा. मग मंद आचेवर साधारण सव्वा तास. पहिला पाऊण तास झाकण उघडायचे नाही. शिरूरला आल्यावर केलेला माझा पहिला पाव मधोमध बसला, कारण मी दर दहा मिनिटांनी डोकावत होते. पुतण्याची मुलगी म्हणाली, "आजी, ही विहीर केलीस का?" विणकामाची सुई टोचून कोरडी निघाली की पाव झाला.

गरम असताना कापू नये. फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावा. खरी चव दुसऱ्या दिवशी येते. पातळ काप करून वर लोणी लावावे.

परवा रात्री मनुका भिजवून काल मी दोन पाव भाजले आहेत. निळ्या ताटातले काप अंड्याचे, स्टीलच्या ताटातले बिनअंड्याचे. सुऱ्याही वेगळ्या ठेवल्या आहेत. दौंडच्या भगिनींची एस. टी. साडेपाचला आहे, म्हणून आधी त्यांना द्यावे. त्यांच्यासाठी एक डबाही बांधून ठेवला आहे. डबा मला परत हवा आहे.