शेजाऱ्यांची स्पर्धा

डिसेंबर २०१० मध्ये बांगलादेशातील कॉक्स बाजार या समुद्रकाठच्या गावी दक्षिण आशियातील आठ देशांचे महिला फुटबॉल संघ एकत्र आले. दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाने स्त्रियांसाठी भरविलेली ही पहिलीच स्पर्धा होती. भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, भूतान, मालदीव, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान असे हे आठ देश होत. त्यांपैकी काहींच्या मुली तोपर्यंत आपल्या देशाबाहेर क्वचितच खेळल्या होत्या. भारताने भूतानवर अठरा गोल केले आणि भूतानला एकही गोल करता आला नाही. अंतिम सामन्यात भारताने नेपाळवर एक-शून्य असा विजय मिळविला.

अठरा गोलांच्या त्या सामन्यावरून कोणीही असे म्हणाला असता, की ज्या स्पर्धेत बलाबलात एवढी तफावत आहे ती भरविण्यात अर्थ काय? हा प्रश्न गैरलागू नव्हता. परंतु ठराविक काळाने त्याच शेजाऱ्यांशी सामना होणार आहे हे माहीत असणे, ही दुबळ्या संघाच्या दृष्टीने लहान गोष्ट नसते. मागच्या वेळी किती गोल झाले आणि या वेळी किती झाले, हा हिशेब त्याला मांडता येतो. चौदा वर्षांनंतर, २०२४ मध्ये, त्याच भूतानने मालदीववर तेरा गोल केले आणि उपांत्य फेरी गाठली.

भारताने पहिल्या पाचही स्पर्धा जिंकल्या. २०१२ मध्ये कोलंबोला, २०१४ मध्ये इस्लामाबादला, सिलिगुडीची स्पर्धा जानेवारी २०१७ मध्ये संपली तेव्हा तेथे, आणि २०१९ मध्ये विराटनगरला. या सर्व काळात भारतीय संघ एकही सामना हरला नाही. सिलिगुडीच्या साखळी फेरीत बांगलादेशाने त्याला गोलशून्य बरोबरीत रोखले, तेवढाच काय तो अपवाद. मणिपूर, ओडिशा आणि इतर काही प्रांतांतून येणाऱ्या मुलींच्या बळावर हे यश उभे होते. देशात स्त्रियांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा मात्र २०१६-१७ पर्यंत सुरूच झाली नव्हती. शेजाऱ्यांवर विजय मिळत असल्यामुळे घरातील ही उणीव कोणाच्या डोळ्यांत फारशी खुपली नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

सिलिगुडीच्या त्या बरोबरीकडे लोकांचे जेवढे लक्ष जावयास हवे होते तेवढे गेले नाही. तिच्यामागे काय होते हे समजून घ्यावयाचे तर मैमनसिंग जिल्ह्यातील कलसिंदूर या खेड्यात जावे लागते. धोबाउडा उपजिल्ह्यातील हे गाव मेघालयाच्या सीमेपासून जवळ आहे आणि त्या परिसरात गारो लोकांची वस्ती आहे. बांगलादेश सरकारने २०११ मध्ये प्राथमिक शाळांतील मुलींसाठी देशव्यापी फुटबॉल स्पर्धा सुरू केली. कलसिंदूरच्या प्राथमिक शाळेतील शिक्षकांनी आपल्या मुलींना तीत उतरविले, आणि पुढे त्या शाळेने ती स्पर्धा जिंकलीही. मुलींच्या यशाचा बोलबाला झाल्यानंतर गावात वीज आली. २०२२ मध्ये काठमांडूला गेलेल्या राष्ट्रीय संघात या एका खेड्यातील आठ मुली होत्या. मारिया मांदा, संजिदा अख्तर आणि शमसुन्नाहार या एकाच नावाच्या दोघी त्यांतल्याच. नावे सारखी असल्यामुळे त्यांना थोरली आणि धाकटी अशा विशेषणांनी ओळखावे लागे.

इतर मुली दुसऱ्या टोकांकडून आल्या. गोलरक्षक रूपना चाकमा आणि ऋतुपर्णा चाकमा रांगामाटीच्या डोंगराळ मुलखातील, तर कर्णधार सबिना खातून साताखिऱ्याची. देशाच्या नकाशावर या जागा शोधल्या तर बहुतेक सीमेच्या रेषेला लागूनच सापडतात. राजधानीतील सुखवस्तू घरांतून हा संघ घडला नव्हता.

सप्टेंबर २०२२ मध्ये काठमांडूच्या दशरथ रंगशाळेत सहावी स्पर्धा झाली. साखळी सामन्यात बांगलादेशाने भारताचा तीन-शून्य असा पराभव केला. या स्पर्धेच्या इतिहासातील भारताचा हा पहिला पराभव होय. उपांत्य सामन्यात नेपाळनेही भारताला एका गोलने हरविले, आणि भारताविना अंतिम सामना होण्याची वेळ प्रथमच आली.

१९ सप्टेंबर रोजी रंगशाळा नेपाळी प्रेक्षकांनी भरून गेली होती. पावसाने मैदानात चिखल झाला होता. भारतावर दोन गोल करणारी सिरात जहाँ स्वप्ना ही बांगलादेशाची खेळाडू दुखापतीमुळे पहिल्या दहा-बारा मिनिटांतच बाहेर गेली, आणि तिच्या जागी आलेल्या धाकट्या शमसुन्नाहारने चौदाव्या मिनिटाला गोल केला. मध्यंतरापूर्वी कृष्णाराणी सरकारने दुसरा केला. सत्तराव्या मिनिटाला नेपाळच्या अनिता बस्नेतने चेंडू जाळ्यात घातला, तेव्हा प्रेक्षकांना पुन्हा आशा वाटू लागली. परंतु सात मिनिटांनी कृष्णाराणीने आणखी एक गोल करून सामना संपविल्यासारखाच केला. संपूर्ण स्पर्धेत बांगलादेशाने तेवीस गोल केले आणि त्याच्यावर झाला तो अनिता बस्नेतचा एकच.

अंतिम सामन्यापूर्वी संजिदाने जाहीरपणे लिहिले होते, की विजयी झाल्यास उघड्या बसमधून मिरवणूक निघावी असा आपला हट्ट नाही. हे वाचून लोकांनीच तशा बसची मागणी लावून धरली. सरकारी परिवहन महामंडळाच्या एका दुमजली बसचे छप्पर घाईघाईने कापून काढण्यात आले, आणि विमानतळापासून फुटबॉल महासंघाच्या कार्यालयापर्यंत मिरवणूक निघाली. ढाक्यातील रस्त्यांवरून एवढ्या उंच उघड्या वाहनातून कोणी जावे अशी त्या रस्त्यांची रचनाच नाही. वाटेत लोंबकळणारा एक जाहिरातफलक ऋतुपर्णाच्या डोक्याला लागला आणि तिला टाके घालावे लागले.

या मिरवणुकीनंतर काय घडले हे सांगितल्यावाचून तिचे वर्णन करणे अप्रामाणिकपणाचे होईल. जेमतेम सहा-सात महिन्यांनी, एप्रिल २०२३ मध्ये, ऑलिंपिकच्या पात्रता फेरीसाठी हा संघ म्यानमारला जावयाचा होता. तो गेला नाही. खर्चासाठी पैसा नाही, असे कारण महासंघाने दिले. दक्षिण आशियाच्या विजेत्या संघाला शेजारच्या देशात पाठविण्याइतका निधी जमला नाही, आणि मिरवणुकीसाठी मात्र एक बस कापण्यात आली होती. पुढच्याच महिन्यात स्वप्नाने खेळातून निवृत्ती जाहीर केली. तिचे वय बावीस वर्षांचे होते. ज्या प्रशिक्षकाने हा संघ अनेक वर्षे घडविला तो गुलाम रब्बानी छोटन हाही त्याच वर्षी बाजूला झाला.

तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये बांगलादेशाने काठमांडूतच पुन्हा विजेतेपद मिळविले. अंतिम सामन्यातील निर्णायक गोल ऋतुपर्णाचा होता. आणि जुलै २०२५ मध्ये त्याच म्यानमारमध्ये, यांगून शहरी, यजमान संघाविरुद्ध तिने दोन गोल केले. दोन-एक अशा त्या विजयामुळे बांगलादेशाच्या मुली आशिया चषकाच्या मुख्य स्पर्धेस प्रथमच पात्र ठरल्या.

या सर्व वृत्तांतात नेपाळचे नाव पुन्हा पुन्हा पराभूत म्हणून येते. २०२४ पर्यंतच्या सात स्पर्धांपैकी सहांच्या अंतिम सामन्यात नेपाळ होता आणि सहाही वेळा तो हरला. भारताकडून चार वेळा, बांगलादेशाकडून दोनदा. ही दुसरी जागा सातत्याने टिकविणे सोपे नव्हे. नेपाळच्या बऱ्याच खेळाडू सशस्त्र प्रहरी दल, पोलीस आणि सैन्य यांच्या संघांतून येतात. तेथे त्यांना नोकरी असते, महिन्याचा पगार असतो. घरच्यांना समजावताना या पगाराचा उपयोग चेंडूपेक्षा अधिक होतो. सावित्रा भंडारी ही त्यांची अव्वल आक्रमक खेळाडू अशाच संघातून पुढे आली आणि नंतर इस्राएल व फ्रान्समधील क्लबांकडून खेळली.

२०२४ च्या उपांत्य सामन्यात भारताने आघाडी घेतल्यानंतर नेपाळचा एक गोल पंचांनी नाकारला. त्यावरून वाद होऊन खेळ तासाहून अधिक काळ थांबला. प्रेक्षक जागचे हलले नाहीत. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर सावित्रानेच बरोबरी साधली आणि पेनल्टींवर नेपाळ जिंकला. त्यानंतर तीनच दिवसांनी, ३० ऑक्टोबर रोजी, तोच संघ आणि तेच प्रेक्षक त्याच रंगशाळेत अंतिम सामन्यासाठी आले. मोनिका चाकमाच्या गोलनंतर काही मिनिटांतच अमिषा कार्कीने बरोबरी साधली आणि पुढे जवळजवळ अर्धा तास सामना कोणाचाच नव्हता. मग ऋतुपर्णाने डावीकडून चेंडू मारला.